न वाचलेला पूर्वपक्ष

मंचरहून घोडेगावमार्गे पश्चिमेकडे निघालेला रस्ता डिंभे धरणाच्या पाण्याला वळसे घालत सह्याद्रीच्या कण्यावर चढतो आणि आहुपे या गावाशी येऊन थांबतो. पुढे कडाच. कड्याखाली मुरबाड तालुका आणि गोरखगड-मच्छिंद्रगडाचे सुळके. गाव महादेव कोळी समाजाचे. भाताची खाचरे, हिरड्याची झाडे, भीमाशंकरच्या अभयारण्याचे रान आणि गावाने देवाच्या नावाने पिढ्यान्‌पिढ्या राखलेली देवराई, एवढे त्याचे वैभव. ज्या तालुक्यात हे गाव मोडते त्याचे नाव आंबेगाव. परंतु ज्या मूळ गावावरून तालुक्याला हे नाव मिळाले, ते जुने आंबेगाव डिंभ्याच्या जलाशयाखाली गेले आहे. कचेरी घोडेगावात, बाजारपेठ मंचरला, गाव पाण्यात आणि नाव मात्र सातबाऱ्यापासून मतदारयादीपर्यंत सर्वत्र अबाधित! शब्द आणि त्याने दाखविलेली वस्तू यांचे नाते किती सैल असते, हे शिकण्यासाठी आंबेगावकराला पॅरिसला जाण्याचे कारण नाही.

पॅरिसची नावे मात्र आता या डोंगरापर्यंत आली आहेत. या पश्चिम पट्ट्यातला एखादा मुलगा किंवा मुलगी घोडेगाव-मंचरला शिकून पुण्याला साहित्यात एम.ए. करावयास जाते, पुढे नेट-सेटच्या तयारीला लागते, तेव्हा देरिदा, फुको, ल्योतार ही त्रयी तिच्यापुढे उभी राहते. कशी उभी राहते? मार्गदर्शिकेच्या अर्ध्या पानात. देरिदा म्हणजे विरचना, फुको म्हणजे सत्ता आणि ज्ञान, ल्योतार म्हणजे महाकथनांचा अंत. तीन नावे, तीन वाक्ये, सहा गुण. ज्यांनी हे अर्धे पान लिहिले त्यांनी मूळ ग्रंथ उघडला होता काय, हा प्रश्न विचारण्याची सोय नाही. ‘विरचना’ म्हणावे की ‘विखंडन’, यावर चर्चासत्रात तासभर खडाजंगी होते. परंतु ज्याची विरचना करावयाची ती संहिता टेबलावर कोणी ठेवत नाही.

ही झाली विद्यापीठीय पुरोगाम्यांची तऱ्हा. तिच्यावर आसूड ओढणे सोपे आहे आणि या पृष्ठांच्या वाचकांना ते आवडेलही. पण दुसऱ्या दालनात काय चालले आहे? राष्ट्रीय विचारांच्या बैठकांत, अभ्यासवर्गांत, व्याख्यानमालांत हीच नावे शिवीसारखी उच्चारली जातात. ‘देरिदावाले’, ‘फुकोचे चेले’, ‘फ्रेंच डाव्यांची पिलावळ’. वक्ता टाळ्या घेतो आणि खाली बसतो. त्यानेही देरिदा वाचलेला नसतो. एकाने न वाचता पूजा बांधली, दुसऱ्याने न वाचता होळी केली. पुस्तक दोघांच्याही कपाटात नाही. यांतला पहिला निदान परीक्षेच्या सक्तीने वागतो. दुसऱ्याला कोणती सक्ती आहे?

न वाचता झोडपण्याचा हा प्रकार केवळ आपल्याकडचा नाही. १९९२ साली केंब्रिज विद्यापीठाने देरिदाला मानद पदवी देण्याचे ठरविले, तेव्हा मोठे वादळ उठले. मे महिन्यात लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये काही तत्त्वज्ञांचे निषेधपत्र प्रसिद्ध झाले, सही करणाऱ्यांत क्वाइनसारखा तर्कशास्त्रज्ञ होता. देरिदाच्या लेखनाचा नमुना म्हणून त्या पत्रात एक चावट शब्दखेळ अवतरणचिन्हांत दिला होता. हा शब्दखेळ आपण कोठेही लिहिलेला नाही, असे देरिदाने नंतर सांगितले. काटेकोरपणाचा आग्रह धरणारे विद्वान, आणि त्यांच्याच पत्रात मूळ ग्रंथात नसलेले अवतरण! शेवटी मतदान झाले, ३३६ विरुद्ध २०४ मतांनी पदवी मंजूर झाली. देरिदा बरोबर होता की चूक, याचा निकाल मतमोजणीने लागत नाही, हे खरेच. परंतु विरोधकांनी आपला खटला कोठे गमावला, हे मात्र त्या एका अवतरणाने दाखवून दिले.

मग हे लोक होते तरी कोण? आपल्या वक्त्यांच्या मते साम्यवादाचे नवे एजंट. वस्तुस्थिती अशी की, या मंडळींवर सर्वांत कडवे प्रहार मार्क्सवाद्यांनीच केले. ल्योतार तरुणपणी एका जहाल मार्क्सवादी गटात होता; १९७९ साली क्वेबेकच्या विद्यापीठ परिषदेसाठी लिहिलेल्या अहवालात त्याने मोठमोठ्या मुक्तिकथांवरचा विश्वास उडाल्याचे जे निदान केले, त्याचा पहिला बळी वर्गसंघर्षाची कथाच होती. फुको तीनेक वर्षे फ्रेंच कम्युनिस्ट पक्षात होता आणि १९५३ च्या सुमारास बाहेर पडला. जर्मनीच्या हाबरमासने १९८० च्या फ्रँकफर्टमधील भाषणात देरिदा आणि फुको यांना चक्क ‘तरुण रूढिवादी’ ठरविले. इंग्लंडमध्ये टेरी ईगल्टन, आपल्याकडे एजाज अहमद, दोघेही मार्क्सवादी आणि दोघेही या विचारावर तुटून पडलेले. देरिदाने १९९३ साली मार्क्सच्या भुतांवर पुस्तक लिहिले हेही खरे. पण ते वाचून पक्के मार्क्सवादी खूष होण्याऐवजी अधिकच चिडले. आणि हा देरिदा होता अल्जीरियातला ज्यू. १९४२ साली, बारा वर्षांचा असताना, ज्यूविरोधी कायद्यान्वये त्याला शाळेतून काढून टाकण्यात आले होते. जो मनुष्य आयुष्यभर ‘आतला’ आणि ‘बाहेरचा’ या भेदाची तपासणी करीत राहिला, त्याला तो भेद प्रथम शाळेच्या दारात भेटला होता.

गंमत पुढेच आहे. २००३ साली मीरा नंदा यांचे ‘प्रॉफेट्स फेसिंग बॅकवर्ड’ हे पुस्तक आले. त्यातला आरोप नेमका उलटा! विज्ञान हे अनेक कथनांपैकी एक कथन आहे, असे सांगणाऱ्या उत्तर-आधुनिक विचारवंतांनीच हिंदुत्ववाद्यांच्या ‘वैदिक विज्ञाना’ला मोकळे रान करून दिले, असे नंदा म्हणतात. म्हणजे एका दालनात देरिदा डाव्यांचा हस्तक आणि दुसऱ्या दालनात तोच उजव्यांचा वाटाड्या. ज्याला कोणी वाचलेले नाही, त्याला असे कोणत्याही पालखीत बसविता येते.

नंदा यांच्या आरोपाला आपल्याकडून शिव्या पुष्कळ मिळाल्या, उत्तर फारसे मिळाले नाही. ते देण्यापूर्वी एक कबुली दिली पाहिजे. व्यासपीठावरून ‘पाश्चात्त्यांचे विज्ञान हे त्यांचे, आमचे विज्ञान आमचे’ अशी वाक्ये फेकणारे आपल्यात आहेत. एडवर्ड सैदचे ‘ओरिएंटलिझम’ (१९७८) तर आपल्या वक्त्यांना फारच प्रिय. पाश्चात्त्य पंडितांनी आमचे विकृत चित्र रेखाटले, हे सांगावयास ते उपयोगी पडते. परंतु त्या पुस्तकाची एक मोठी तुळई फुकोकडून उसनी आणलेली आहे, हे किती जणांना ठाऊक असते? तुळई वापरायची आणि सुताराला चोर म्हणायचे! शिवाय सत्य प्रत्येकाचे वेगळे, असे एकदा मान्य केले की ते आर्यभटालाही लागू होते. पृथ्वी स्वतःभोवती फिरते हे आर्यभटाचे म्हणणे पाटलीपुत्राचे स्थानिक कथन म्हणून खरे नव्हते. ते खरे होते म्हणून खरे होते. सापेक्षतावादाची ही तलवार दुधारी आहे आणि तिची मूठ नीट पाहून घेतल्याशिवाय ती हाती धरणाऱ्याचा हात कापला जाणारच.

‘पण हे लोक दुर्बोध लिहितात,’ ही तक्रार उरतेच. ती खरी आहे. देरिदाची १९६७ साली एकाच वर्षात आलेली तीन पुस्तके कोणालाही घाम फोडतील. काही ठिकाणी दुर्बोधता ही विचाराची गरज आहे, काही ठिकाणी निव्वळ मिरवणूक. त्याच्या शिष्यांच्या बाबतीत तर मिरवणूकच अधिक. परंतु दुर्बोधतेपुढे हात टेकण्याचा अधिकार मराठी वाचकाला आहे काय? ज्या भाषेत ‘अमृतानुभव’ आहे, त्या भाषेच्या वाचकाने हे सांगावे? त्या ग्रंथाचे तिसरे प्रकरण वाणीच्या ऋणातून मुक्त होण्याचे, सहावे प्रकरण ‘शब्दखंडन’. ज्या शब्दाच्या बळावर ग्रंथ उभा, त्याच शब्दाची मर्यादा त्याच शब्दाने दाखवायची आणि तरीही बोलणे थांबवायचे नाही, हा खेळ ज्ञानेश्वरांनी तेराव्या शतकात मराठीत खेळून दाखविला. तो पहिल्या वाचनात कोणाला कळला आहे? त्याच्यावर टीका झाल्या, शिवकल्याणांसारख्या टीकाकारांनी आयुष्य वेचले, फडांवर चार-चार दिवस एका ओवीवर निरूपण चालले. कठीण ग्रंथ एकट्याने, घाईने, चटकन निष्कर्ष काढण्यासाठी वाचायचा नसतो. टीकेच्या आधाराने, जाणत्याच्या संगतीत, पुन्हा पुन्हा वाचायचा असतो, ही रीत आपल्या घरातली आहे. पतंजलीचे महाभाष्य म. म. वासुदेवशास्त्री अभ्यंकरांनी मराठीत आणले, ते कोणाला सोपे वाटावे म्हणून नव्हे. भर्तृहरीच्या ‘वाक्यपदीया’ची का. वा. अभ्यंकर आणि आचार्य लिमये यांनी सिद्ध केलेली आवृत्ती पुणे विद्यापीठाने १९६५ साली काढली. त्यानंतर दोनच वर्षांनी पॅरिसमध्ये देरिदाची ती तीन पुस्तके निघाली. दोन्ही ठिकाणी प्रश्न एकच होता : शब्दाला अर्थ येतो कोठून?

येथे एक मोह आवरला पाहिजे, आणि तो आपल्याच मंडळींना अधिक होतो. ‘हे सारे आमच्याकडे आधीच सांगितले आहे’ हे वाक्य. संरचनावादाचा जनक सोस्यूर हा संस्कृतचा विद्यार्थी होता, संस्कृतातील सत्-षष्ठीच्या प्रयोगावर त्याने १८८० साली लाइपझिगला प्रबंध सादर केला, पुढे जिनिव्हात तो संस्कृत शिकवीत असे, हे सर्व खरे. (त्याचे जगप्रसिद्ध पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर विद्यार्थ्यांच्या वह्यांवरून तयार झाले, तेव्हा वर्गातल्या नोट्सची सरसकट निंदाही करू नये.) भाषेत सारे काही भेदांवर चालते, हा त्याचा सिद्धान्त वाचताच आपल्याला दिङ्‌नागाचा अपोह आठवतो : ‘गाय’ या शब्दाचा अर्थ म्हणजे ‘जे गाय नाही त्याची व्यावृत्ती’. साम्य डोळ्यांत भरणारे आहे. पण पुढे? दिङ्‌नागापाशी शब्दाच्या पलीकडे, कल्पनेचा स्पर्श न झालेले प्रत्यक्ष आहे. तेथे त्याला आधार सापडतो. देरिदा तो आधारही नाकारतो. शुद्ध, निर्भेळ, भाषेने न शिवलेला अनुभव हाच त्याला संशयास्पद वाटतो. भर्तृहरीपाशी तर शब्दच ब्रह्म आहे, सर्व भेदांच्या मुळाशी एक अभेद आहे. देरिदा म्हणेल, हाच तो पाश्चात्त्यांचा जुना रोग, सर्व काही एका मूळ उपस्थितीला नेऊन बांधण्याचा. तो तुमच्याकडेही निघाला! म्हणजे देरिदा आपल्या घरचा नाही, आपला प्रतिपक्षी आहे, आणि प्रतिपक्षी म्हणूनच तो वाचण्यासारखा आहे. ‘आमच्याकडे आधीच होते’ म्हणणारा त्याला नकळत गिळून टाकतो आणि भर्तृहरीलाही बुडवितो.

प्रतिपक्षाशी कसे वागावे, याचा या देशात शास्त्रार्थ ठरलेला आहे. कुमारिल भट्टांनी ‘श्लोकवार्तिका’त अपोहवादासाठी स्वतंत्र प्रकरण खर्ची घातले. माधवाचार्यांनी चौदाव्या शतकात ‘सर्वदर्शनसंग्रह’ लिहिला, त्याचा आरंभच चार्वाकापासून. वेद मानणाऱ्या आचार्याने वेदनिंदकाला पहिले पान दिले आणि त्याचे म्हणणे असे मांडले की, आज चार्वाकाविषयी जे काही कळते त्यातले बरेचसे त्याच पानांतून कळते. पूर्वपक्ष इतका सशक्त मांडावा की प्रतिपक्ष्यालाही तो आपला वाटावा, मग सिद्धान्त. पूर्वपक्ष दुबळा करून मांडणे ही त्या काळी बुद्धीची नामुष्की समजली जाई. आज तीच आपल्या सभांतली टाळीची जागा झाली आहे.

पूर्वपक्ष नीट वाचला तर हाती काय लागते, हे पाहण्यासाठी पुन्हा आंबेगावच्या पश्चिमेलाच यावे. १८७० च्या दशकात जांभोरीच्या होनाजी केंगले यांनी सावकारशाहीविरुद्ध उठाव केला. इंग्रजांच्या दप्तरात ते ‘दरोडेखोरांच्या टोळीचे नायक’. १८८५ साली निघालेल्या पुणे जिल्ह्याच्या गॅझेटियरची भाषा हीच. लोकांच्या स्मृतीत ते क्रांतिवीर. आता एखादा म्हणेल, गॅझेटियर खोटे आहे, प्रकरण मिटले. फुको म्हणेल, थांबा. खोटे-खरे नंतर पाहू, आधी हे पाहा की ‘दरोडेखोर’ हा शब्द लिहिणारी लेखणी कोणाची, तो शब्द लिहिल्याने कोणावर कोणता कायदा लागू झाला, आणि सावकाराच्या खतावणीला ‘पुरावा’ व कोळ्याच्या तक्रारीला ‘गुन्हा’ हे नाव कोणत्या यंत्रणेने दिले. हाच प्रश्न हिरड्यालाही विचारता येतो. १८७८ आणि १९२७ च्या वनकायद्यांनी रानाची वर्गवारी केली. गावाच्या कित्येक घरांचा वर्षाचा रोख पैसा ज्या हिरड्यावर, तो सरकारी भाषेत ‘गौण वनोपज’. कोणाच्या लेखी गौण? सागवान मोजणाऱ्याच्या लेखी. २००६ च्या वनहक्क कायद्याने त्यावर मालकी हक्क दिला, पण शब्द तोच राहिला. मुंबईत चिंध्यांसारखी वापरली जाणारी ‘सत्ता-ज्ञान’ ही जोडी येथे, हिरडा वाळत घातलेल्या अंगणात, एकाएकी अर्थपूर्ण होते. आणि मग तिचे टोक आपल्याकडेही वळते. ‘आदिवासी’ म्हणावे की ‘वनवासी’, या वादात दोन्ही बाजूंनी किती शाई ओतली! दोन्ही शब्द शहरातल्या लेखणीतून आले. त्यातला एक तिथल्या तरुणांनी आता अभिमानाने अंगीकारला आहे. नाव देणाऱ्याने नाव घेणाऱ्याला विचारले होते काय, हा फुकोचा प्रश्न आपल्याला झोंबतो. झोंबला तरी तो प्रश्न खोटा ठरत नाही.

मग याच शस्त्राने देवराईचे काय होते? उत्तर-आधुनिक परिभाषा तेथे आली की देवराई हे एक ‘कथन’ होते, देव ही ‘रचना’ होते, आणि रान म्हणजे सत्तासंबंधांचे चिन्ह. येथे मात्र या विचाराची कुऱ्हाड बोथट होते. १९७० च्या दशकात माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक या दोघा पुणेकर शास्त्रज्ञांनी सह्याद्रीतल्या देवराया पायी हिंडून पाहिल्या, वनस्पतींची मोजदाद केली, १९७५-७६ मध्ये शोधनिबंध लिहिले. त्यांना जे दिसले ते कथन नव्हते. इतरत्र नाहीसे झालेले वृक्ष आणि वेली येथे देवाच्या धाकाने टिकल्या होत्या. देव मानणारा कोळी आणि वनस्पती मोजणारा शास्त्रज्ञ दोन वेगळ्या भाषा बोलतात, पण दोघांच्या बोटांची दिशा एकाच झाडाकडे आहे. ते झाड तोडले की दोन्ही भाषा खोट्या पडतात. सर्व अर्थ सारखेच रचलेले, असे म्हणणाऱ्यापाशी देवराई तोडणाऱ्या ठेकेदाराला ‘तू चूक आहेस’ एवढे सांगण्यापुरतेही पाऊल ठेवायला जमीन उरत नाही. हा खरा आक्षेप आहे आणि तो वाचूनच घेता येतो. (देरिदा स्वतः ‘काहीही म्हणा, सारे चालते’ असे म्हणाला नाही, हेही वाचल्यावरच कळते, आक्षेप त्याच्या नावाने दुकान चालविणाऱ्यांवर अधिक लागू आहे.)

दुकान कसे चालते ते अ‍ॅलन सोकल या भौतिकशास्त्रज्ञाने १९९६ मध्ये दाखविले. पुंज-गुरुत्वावर त्याने जाणूनबुजून अर्थहीन निबंध लिहिला आणि ‘सोशल टेक्स्ट’ या नियतकालिकाने तो छापला. आपल्याकडे हा किस्सा देरिदाच्या पराभवाचा पुरावा म्हणून सांगितला जातो. पण सोकलने ब्रिकमाँसह १९९७ साली जे पुस्तक काढले, त्यात लाकाँ, क्रिस्तेवा, बोद्रियार, देल्यूझ यांच्यावर प्रकरणे आहेत; देरिदावर नाही, फुकोवरही नाही. सोकलचा दाखला देणाऱ्यांनी सोकलही वाचलेला नाही!

न वाचण्याची किंमत केवळ हसे होण्याएवढीच असते तर प्रश्न नव्हता. जुन्नर तालुक्यात शिवनेरी आहे. शिवरायांच्या जन्मभूमीला लागून असलेल्या या मुलखात जेम्स लेन हे नाव कोणी विसरलेले नाही. २००३ साली आलेल्या त्याच्या पुस्तकात शिवकथेतल्या ‘भेगा’ शोधण्याचा संकल्प होता आणि त्या ओघात एक निराधार कुजबुज छापली गेली. महाराष्ट्रातील इतिहास-अभ्यासकांनी लेखी आक्षेप घेतला, नोव्हेंबर २००३ मध्ये प्रकाशकाने पुस्तक मागे घेतले. सभ्य विरोध यशस्वी झाला होता. तरी ५ जानेवारी २००४ रोजी संभाजी ब्रिगेडच्या जमावाने पुण्याच्या भांडारकर संस्थेवर हल्ला केला, कपाटे फोडली, ग्रंथ आणि हस्तलिखिते विस्कटली. ज्या वास्तूत महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध झाली, तिची ही दशा! पुढे २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने पुस्तकावरील बंदीही अवैध ठरविली. म्हणजे दगडांनी काही साधले नाही. लेनला खरे उत्तर त्याच्याच शाळेतून देता आले असते. कुजबुज हा पुरावा म्हणून मांडताच फुकोचा कोणताही प्रामाणिक विद्यार्थी विचारील : हे कोण बोलते, केव्हापासून बोलते, हे बोलल्याने कोणाचे काय साधते? या तीन प्रश्नांपुढे ती कुजबुज क्षणभरही उभी राहिली नसती. परंतु हे प्रश्न विचारावयास माणसे तयार असावी लागतात. ती तयार करण्याचे काम वीस वर्षांत कोणी अंगावर घेतले?

तसे काम होऊ शकते, याचा दाखला पुण्यातच आहे. १९८३ साली प्रा. मे. पुं. रेगे, दयाकृष्ण आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्यात एक विलक्षण संवाद घडवून आणला. एका बाजूला पाश्चात्त्य तत्त्वज्ञानात मुरलेले प्राध्यापक, दुसऱ्या बाजूला इंग्रजी न वाचणारे नैयायिक आणि मीमांसक पंडित. विषय कोणता? बर्ट्रांड रसेलचा विधानांविषयीचा सिद्धान्त! तो संस्कृतात मांडण्यात आला आणि पंडितांनी त्याची शास्त्रशुद्ध चिकित्सा केली. पुढे १९९१ साली ‘संवाद’ या नावाने तो ग्रंथरूपाने आला. रेगे आस्तिक्याचे ढोल बडविणारे नव्हते, आपल्या वर्तुळातले तर नव्हतेच. पंडितांना कोणी ‘तुमच्याकडे हे आधीच होते’ असे गोंजारले नाही, आणि रसेललाही कोणी साम्राज्यवादी म्हणून हाकलले नाही. असा संवाद रसेलशी झाला, देरिदाशी का होऊ नये? निधी नाही म्हणून? आपले वार्षिक उत्सव, स्मरणिका आणि शोभायात्रा यांवर होणारा खर्च पाहता हे कारण कोणी सांगू नये. दामोदर धर्मानंद कोसंबी कट्टर मार्क्सवादी, त्यांच्या निष्कर्षांशी येथे भांडणच राहील; पण भर्तृहरीच्या शतकांची असंख्य हस्तलिखिते ताडून १९४८ साली चिकित्सक आवृत्ती काढली ती त्यांनी, आणि पुणे-जुन्नरच्या वाटा तुडवून गावदेवींची स्थाने टिपली तीही त्यांनीच. त्यांच्याशी भांडायचे तर तेवढे चालावे लागेल, तेवढे वाचावे लागेल.

सुरुवात कोठून करावी, असे एखाद्या शाखेतल्या तरुणाने वा आहुप्याच्या त्या विद्यार्थिनीने विचारले, तर मार्गदर्शिकेचे अर्धे पान फाडून तिच्या हाती देरिदाचा प्लेटोवरचा निबंध द्यावा. प्लेटोच्या एका संवादात लेखनकलेला ज्या ग्रीक शब्दाने ओळखले आहे, त्याचा अर्थ औषध असाही होतो आणि विष असाही. भाषांतरकार दरवेळी एकच निवडतात आणि दुसरा लपतो. उच्चारलेला शब्द जिवंत, लिहिलेला मृत, ही पाश्चात्त्यांची समजूत देरिदा तेथून उसवत नेतो. आता हा प्रश्न श्रुतीच्या देशात आणून पाहा. पाणिनीय शिक्षेने तर पोथीत पाहून म्हणणाऱ्याला अधम पाठकांत बसविले आहे! म्हणजे आपण देरिदाचे आरोपी क्रमांक एक. परंतु आपल्याकडचा आवाज तरी कोणता? पदपाठ, क्रमपाठ, जटा, घन. शब्द पुढून मागे, मागून पुढे, पुन्हा पुढे, अर्थाची पर्वा न करता अक्षर अन्‌ अक्षर राखणारा. हा आवाज लेखनासारखाच वागतो. बोलणाऱ्याच्या मनात त्या क्षणी कोणता हेतू आहे, यावर त्याचे काहीच अवलंबून नाही. आवाज आणि लेखन यांची जी फाळणी देरिदाने गृहीत धरून मोडली, ती आपल्या पाठशाळेत त्या रूपात कधी झालीच नव्हती. हे त्याला ठाऊक नव्हते. हे सांगणारा निबंध अजून लिहिला जायचा आहे, आणि तो लिहिणाऱ्याला घनपाठही यावा लागेल, देरिदाही.

जुन्नर तालुक्यातच आळे हे गाव आहे. पैठणच्या धर्मसभेत ज्ञानेश्वरांनी ज्याच्या मुखातून वेद वदविला, त्या रेड्याची समाधी तेथे आहे, अशी परंपरा. दरवर्षी हजारो वारकरी तेथे माथा टेकवितात. त्या रेड्याच्या मुखातून निघालेला आवाज कोणाचा होता? रेड्याचा, ज्ञानेश्वरांचा, की वेदाचा? पैठणच्या पंडितांनी त्या दिवशी हा प्रश्न विचारला नाही. ते थक्क होऊन गप्प बसले. देरिदाने तो नक्की विचारला असता.